विमलच्या निबंधातलं एक पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, विहारात दर पौर्णिमेला शेजारी बसणाऱ्या माणसांनाही नाही. वीस वर्षं मी मराठीचा मास्तर म्हणून पगार घेतोय. मुलांना निबंध कसा लिहायचा ते शिकवतोय. ज्या निबंधामुळं मला ही नोकरी लागली, त्याच्या खाली एका बाईचा निबंध गाडलेला आहे. गाडणारा मी.

पण आधी माझा अपमान सांगतो. तो खरा आहे. त्याच्या आडोशाला मी फार वर्षं बसलो, म्हणून त्यालाच आधी बाहेर काढतो.

कर्जतला एका शाळेच्या खोलीत आमचा रविवारचा वर्ग भरायचा. बाहेरून बी.ए. करणारे आम्ही चौदा जण. बहुतेक प्राथमिक शिक्षक, एक तलाठी, एक पोस्टातला कारकून. शिकवायला पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले सर. हवा मानवते म्हणून कर्जतला येऊन राहिलेले, मागं आंब्याची बाग. फी घेत नसत. हे ते दर रविवारी सांगत.

त्या रविवारी त्यांच्या हातात माझा निबंध होता. नेमलेल्या कादंबरीवर लिहायला सांगितलेला. खेड्यावरची कादंबरी. तिचं नाव आता सांगत नाही. त्यात आमचीही माणसं होती. गावची वेस राखणारा येसकर, त्याची म्हातारी, पोरं. ते वाचताना मी रडलो होतो आणि रडलो तसंच लिहिलं होतं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो गुरुजी, हा निबंध आहे की अर्ज?"

वर्ग हसला.

"'हे वाचून माझे डोळे भरून आले.' बरं. आले. पुढं? 'आमच्यावर शतकानुशतके...' हे कादंबरीत कुठल्या पानावर आहे?"

मी उभा. हात बाकाच्या कडेवर.

"विधान कुठाय ह्यात? मी काय सांगितलं होतं? विधान म्हणजे खुंटी. पुरावे म्हणजे कपडे. खुंटी नसली तर कपडे कुठं? जमिनीवर. तुम्हा लोकांचं नेहमी हेच. जखम दाखवायची आणि गुण मागायचे."

मागून तलाठी म्हणाला, "ह्यांना निबंधातही सवलत द्या, सर."

सर हसले नाहीत. पण त्याला गप्पही केलं नाही. माझे कागद दोन बोटांत धरून त्यांनी बाकावर सोडले. एक खाली पडला. मी वाकून उचलला. वाकलो तेव्हा मला तेरा जणांच्या चपला दिसल्या. अजून दिसतात.

अपमान सगळाच खोटा असता तर सोपं गेलं असतं. पण निबंधात विधान नव्हतं. ते खरं होतं. शिवी आणि सत्य एकाच तोंडून आलं की माणूस कशाला उत्तर देणार?

मग सर शेवटच्या बाकाकडं वळले. तिथं आम्ही दोघं बसायचो. तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बसायचो.

"आणि बाई, तुमचं?"

विमल उठली. "पुरावा गोळा करतेय सर. झाल्याशिवाय विधान सांगत नाय."

"नाय नव्हे. नाही."

"हो सर. झाल्याशिवाय सांगत नाय."

ती उद्धटपणानं बोलली नव्हती. तिला जसं बोलता येत होतं तसंच बोलली होती, आणि बसली. आपलं बोलून झालं, आता पुढच्याचा निबंध, असं दाखवून सरांनी वही पालटली.

त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. आपल्यातली मुलगी. छप्पन्न साली आमच्या दोघांच्या बापांनी एकाच आठवड्यात घरातले देव काढले होते. पण अभिमान वाटला नाही. मी वाकून कागद उचलला आणि ही उभी राहिली. एवढंच माझ्या मनात होतं. तलाठ्याचा राग मला नंतर आला. तिचा आधी आला.

विमलचे वडील रेल्वेत गँगमन. पळसदरीला रेल्वेची खोली, पक्क्या भिंतींची. ती स्वतः डोंगरावरच्या एका ठाकर आदिवासींच्या वाडीवर शिक्षिका. रोज दीड तास चढून जायची, दीड तास उतरायची. मी चौक गावाजवळच्या खेड्यात. आमचं घर कुडाचं, पावसाळ्यात मागची भिंत दरवर्षी नवीन. तिच्या त्या पक्क्या भिंतींचाही मला हेवा वाटायचा. तिचा बाप घाटात बारा-बारा तास रूळ ठोकतो आणि त्याच्या बदल्यात त्या भिंती आहेत, हे मला माहीत होतं. तरी वाटायचा. हेवा काही हिशेब करून येत नाही.

कादंबरी आम्ही दोघांत एक घेतली होती. जुनी, वाचनालयातली. आठवडा अर्धा अर्धा वाटून घेतलेला. रविवारी वर्ग सुटला की ती तिच्याकडं जायची. गुरुवारी कर्जतच्या एस.टी. स्टँडवर ती मला द्यायची. तिथंच भज्यांच्या गाडीमागं उभं राहून आम्ही बोलायचो. पुस्तक माझ्याकडं आलं की त्यात शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा असायच्या. आधी मला कळेचना. ज्या पानांवर मी रडलो त्यांच्यावर रेघ नाही. आणि जिथं काही घडत नाही, तिथं रेघा. लग्नाची पंगत. सुगीतलं मळ्यातलं जेवण. पाटलाघरचं बारसं. नऊ पानं लग्नाची पंगत आणि नऊही पानांवर रेघा.

तिसऱ्या गुरुवारी मी विचारलं, "हे काय गं? जेवणावळीच काढतेस तू?"

"दुसऱ्याला सांगणार नाय ना?"

"कुणाला सांगू?"

ती हसली. तिनं पिशवीतून रेल्वेच्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. वडिलांनी आणून दिलेले, एका बाजूला छापील, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर एकेक उतारा, वर पानाचा आकडा. सगळे एका तारेत ओवलेले, स्टेशनात पावत्या ओवतात तसे.

"ह्या कादंबरीत आपली माणसं राबतात," ती म्हणाली. "रडतात. मार खातात. मरतात पण. उपकार मानतात तर किती येळा, तारेत बघ. पण जेवत नायत."

"म्हंजे?"

"म्हंजे जेवत नायत. पत्रावळी उचलतात. उरलेलं बांधून नेतात. नेतात, तितं परसंग संपतो. घरी नेलेलं कुणी खाल्लं, कसं खाल्लं, गोड लागलं का आंबूस, एक वळ लिवलेली नाय. सव्वादोनशे पानं. एक घास नाय."

मी तारेतले कागद चाळले.

"तू रडलास," ती म्हणाली. "मी मोजलं. एवढंच रं."

ती हे चिडवून बोलली नाही. मला मात्र ते चावलं. कारण तीच पानं मी वाचली होती. आमच्या आईनं पंगतीचं उरलेलं आणणं बंद केलं तो दिवस मला आठवत होता. मी नऊ-दहा वर्षांचा, बुंदीसाठी रडत होतो आणि आईनं रिकामी टोपली चुलीत घातली होती. हे सगळं माझ्या अंगात होतं. तरी मला दिसलं नाही आणि हिला दिसलं. तर विधान असं असतं. साधं. एका ओळीचं. कुणालाही तपासता येईल असं.

"आणि एकशेबारा?" मी विचारलं. मला ते पान आठवलं होतं. म्हातारा येसकर गोठ्यामागं बसून भाकरी खातो, दोन ओळी. "तितं तर खातो की."

सांगायला लाज वाटते, पण मी ते विचारलं तेव्हा मला आनंद झाला होता. तिची खुंटी हलताना बघायची होती मला.

ती भज्यांचा कागद चुरगाळत राहिली. मग म्हणाली, "हाय खरं. बघते."

त्याच सुमारास खालापूर तालुक्यात एक नवीन हायस्कूल निघालं. मराठीची एक जागा. सर संस्थेच्या समितीवर होते. त्यांनी वर्गात सांगितलं, ज्याचा निबंध उत्तम ठरेल तो शिक्षकांच्या संमेलनात वाचला जाईल आणि त्याचं नाव मी स्वतः सुचवीन. सगळ्यांनी पाठी सरळ केल्या. प्राथमिकचा मास्तर हायस्कूलला जाणं म्हणजे काय, ते आज कुणाला सांगून कळणार नाही.

मी दुसरा निबंध लिहिला. ह्या वेळी विधान होतं. सरांना काय आवडतं ते मी आठ रविवार ऐकत होतो. म्हणून लिहिलं, 'लेखकाची करुणा हा ह्या कादंबरीचा आत्मा आहे. मुक्या माणसांना त्याने वाचा दिली.' खाली पुरावे घातले, पानांचे आकडे घातले. पानांचे आकडे घालायला मी विमलकडून शिकलो होतो.

निबंध द्यायच्या रविवारी विमल आली नाही. स्टँडवर तिचे वडील उभे. खाकी अर्धी चड्डी, हातात धडप्यात बांधलेलं बोचकं.

"मास्तर, इमलला यायला जमत नाय. आईला कल्यानला दवाखान्यात न्यायाची हाय, ती गेली संगं. तेवढं कागद सरांच्या हातात द्या. दुसऱ्याकडं नको, तुमीच द्या म्हनली."

"देतो की बाबा."

"तीन राती लिवत व्हती," ते म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. बोचकं देताना त्यांनी दोन्ही हात लावले.

वर्गाला अर्धा तास होता. मी चहाच्या टपरीत कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलो आणि धडपा सोडला. फक्त पहिलं पान बघायचं ठरवलं होतं. सगळं वाचलं.

मी पुष्कळ वाचलंय तेव्हापासून. मोठमोठ्यांचं वाचलंय. पण एका बैठकीत मला इतकं लहान कुणी केलं नाही. एकही रडका शब्द नव्हता. एक विधान, मग पुरावा, मग पुरावा, मग पुरावा. भिंत चढत जावी तसं. आणि एकशेबाराव्या पानाचं तिनं काय केलं होतं ते शेवटून दुसऱ्या कागदावर होतं. वहीचं पान नव्हे, रेल्वेच्या फॉर्माची पाठ. मागाहून सुचलं म्हणून मागाहून घातलेलं. बाकीच्या पानांना आकडे होते, ह्याला नव्हता.

त्यावर असं लिहिलं होतं. पाठ आहे मला.

'पान एकशे बारावर म्हातारा येसकर भाकरी खातो. माझ्या विधानाच्या विरुद्ध हा एकच पुरावा आहे, म्हणून तो मी लपवत नाही. पण लेखकाने त्याला पाठमोरा दाखवला आहे. भाकरी कशाची, सोबत काय होते, पोट भरले का, हे लेखकाला माहीत नाही, कारण तो समोर जाऊन बसलेला नाही. ज्या माणसाला जेवताना आपण समोरून पाहिलेले नाही, त्याच्याविषयी आपल्याला दया वाटू शकते. त्याची ओळख असू शकत नाही. म्हणून हा पुरावा माझ्या विरुद्ध नसून माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे.'

मी तिला अडवायला जे पान विचारलं होतं, त्यावरच ती उभी राहिली होती.

माझा करुणेचा निबंध माझ्या पिशवीत होता. तो मला तिथं बसल्या बसल्या वास मारायला लागला. मी काय करायला हवं होतं? माझा फाडून टाकायला हवा होता. मी टाचणी काढली. ते फॉर्माचं पान काढलं. टाचणी परत त्याच भोकांतून घातली. पान चार घड्या करून आतल्या खिशात ठेवलं. सराईतासारखं केलं. चहा राहिला होता तो प्यालो आणि वर्गात जाऊन दोन्ही निबंध सरांच्या टेबलावर ठेवले. माझा वर.

पुढच्या रविवारी विमल आली. डोळे ओढलेले, आईचं ऑपरेशन झालेलं. सरांनी तिचा निबंध काढला. पहिल्यांदा त्यांनी विधान वाचून दाखवलं आणि मला दिसलं, त्यांना ते लागलं होतं. कादंबरी त्यांची लाडकी. मग त्यांनी पुस्तक उघडलं, खूण घातलेलीच होती.

"पान एकशे बारा. 'म्हातारा गोठ्यामागे बसून भाकरी मोडू लागला.' बाई, हे काय चाललंय? जेवण नव्हे हे?"

"लिहिलंय ते सर. शेवटच्या आधीच्या पानावर."

"कुठाय?"

ती पुढं गेली. पानं उलटली. परत उलटली. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडं बघत होतो.

"होतं सर. येगळ्या कागदावर होतं."

"होतं! मग गेलं कुठं?" सर वर्गाकडं वळले. "कादंबरीतली माणसं जेवत नाहीत म्हणून बाईंनीच पानं खाल्ली वाटतं."

असा हशा मी त्या खोलीत कधी ऐकला नाही. तलाठी बाक बडवत होता. ती मध्ये उभी, हातात टाचलेले कागद.

"आपल्या विरुद्धचा पुरावा लपवणं ह्याला अभ्यास म्हणत नाहीत," सर म्हणाले. "लबाडी म्हणतात. मी निदान तुमच्याकडून, शिकलेल्यांकडून, ही अपेक्षा केली नव्हती. कुणी आणून दिला हा?"

मी उठलो.

"तिनं दिलं तेवढंच मी दिलं, सर."

तेव्हा विमलनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादा उतारा वाचावा तशी. एकदाच वाचला आणि तिला कळला.

सर जरा नरमले. म्हणाले, "मी कुणाचं नुकसान करत नाही. पंधरा दिवस देतो. चुकीचं विधान सोडा, निसर्गवर्णनावर लिहा, घेईन मी."

"विधान बरोबर हाय सर," ती म्हणाली. "तेच ऱ्हाईल."

कागद छातीशी धरून ती निघून गेली. तिची छत्री बाकाखाली राहिली. मी ती घेऊन मागं पळालो. स्टँडवर गाठलं. छत्री घेतली तिनं.

"मी नाय काढलं, विमल. आईची शपथ."

"मी इचारलं का तुला?"

"नाय, पण..."

"तितं तुजं नाव घेतलं असतं तर आपल्या आपल्यात लागलं असतं. त्या तलाठ्याला आजून आठ दिवस हसाया झालं असतं. म्हनून गप बसले. तुज्यासाटी नाय."

एवढं बोलून ती पळसदरीच्या रस्त्याला लागली. वर्गाला परत आली नाही. बी.ए. झाली नाही.

माझा निबंध उत्तम ठरला. संमेलनात दीडशे शिक्षक, पुढं साहेब लोक. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भाषणात म्हणाले, "ह्याचा पहिला निबंध मी टाकून दिला होता. घडवलं तर ह्यांच्यातूनही घडतात." टाळ्या. मी हात जोडले. त्या हात जोडण्यात आणि त्या दिवशी वाकून कागद उचलण्यात फरक होता तो इतकाच, की ह्या वेळी मी आपणहून वाकलो होतो.

माझा बाप आला होता. पांढरं धोतर, शेवटच्या रांगेत, खुर्ची रिकामी असून उभा. हा माणूस छप्पन्न सालापर्यंत येसकर होता. काठी चावडीपुढं टाकून आला होता आणि पाटील म्हणाला, उद्यापासून खाशील काय, तर त्यालाच म्हणाला होता, तुमी खाता त्येच. गावात अजून सांगतात. मी व्यासपीठावरून वाचलं, 'मुक्या माणसांना त्याने वाचा दिली.'

घरी जाताना आम्ही दोघं चौकाच्या फाट्यावर उतरून चालत होतो. त्यानं धोतराचा सोगा वर खोचला. मग म्हणाला,

"बरं वाचलंस. मानसं लय व्हती."

"हां."

"येक इचारू रं?"

"विचार ना."

"आपुन मुकं व्हतो?"

मी म्हणालो, "ते पुस्तकातलं हाय, आबा."

"आसंल," तो म्हणाला. पुन्हा कधी त्यानं माझ्या वाचण्या-लिहिण्याविषयी काही विचारलं नाही. मरेपर्यंत. तो गेला त्याला आता अकरा वर्षं झाली.

नोकरी लागली. घर पक्कं झालं. मी चांगला शिक्षक आहे असं लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे. मुलांना मी सांगतो, एक विधान करा, पुरावे गोळा करा, आणि जो पुरावा तुमच्या विरुद्ध जातो तो सगळ्यांत आधी लिहा, लपवू नका. माझी मुलं बोर्डात गुण घेतात. दुसऱ्या शाळांचे शिक्षक विचारतात, ही पद्धत कुणाची? मी हसतो. त्या हसण्याचा अर्थ ते 'माझीच' असा घेतात. वीस वर्षं मी तिच्या पानावर मुलं शिकवतोय आणि ते पान माझ्या लोखंडी पेटीत सर्टिफिकिटांच्या खाली आहे.

विमल अजून वाडीवरच आहे. मुख्याध्यापिका. तिच्या शाळेतली ठाकरांची दोन पोरं माझ्या हायस्कूलला आली तेव्हा मी त्यांच्या वह्या बघितल्या. वरती एक ओळ, खाली आकडे घालून कारणं. दोघांच्याही. मला ती पोरं शिकवावीच लागली नाहीत. घरी येऊन मी जेवलो नाही. चाळीशी ओलांडलेला माणूस, बायको विचारतेय काय झालं, आणि झालं होतं काय, तर मी अजून जळत होतो. बी.ए. नाही, हायस्कूल नाही, संमेलन नाही, तरी तिच्याकडं ते होतं आणि माझ्याकडं नव्हतं. पान चोरता आलं. नजर कशी चोरणार?

तालुक्याच्या बैठकांना आम्ही भेटतो. ती 'नमस्कार गुरुजी, तुमी बरे?' म्हणते. जिनं मला 'तू रं' शिवाय हाक मारली नव्हती, ती वीस वर्षं मला अहो-जाहो करते. दुसरी शिक्षा तिनं मला दिली नाही.

गेल्या महिन्यात सर माझ्या घरी आले. आता ऐंशीच्या पुढं, काठी टेकत, पुतण्याला घेऊन. त्यांचा गौरवग्रंथ निघतोय. मी खुर्ची दिली. बायकोनं चहा केला, त्यांनी घेतला.

"तुझा तो निबंध पाहिजे. मुक्या माणसांवरचा. पहिलाच छापायचा म्हणतोय. खाली एक टीप टाकू, कशा परिस्थितीतून तुला आम्ही वर आणलं त्याची."

मला वाटलं, देऊन टाकीन. इतकी वर्षं ते मागतील ते दिलंच होतं. पण तोंडातून आलं,

"नाही देणार, सर."

त्यांना ऐकू कमी येतं. पुतण्यानं मोठ्यानं सांगितलं.

"का रे?"

"विधान खोटं आहे. माझा बाप मुका नव्हता. त्या कादंबरीतला म्हाताराही नव्हता. लेखकाला ऐकू येत नव्हतं. आणि मला वर कुणी आणलं नाही. मी दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन चढलो. तुम्ही ती पाठ वाकवून ठेवली होती."

सर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "विधान केलंस. पुरावा?"

पेटी आतल्या खोलीत होती. दहा पावलं. मी उठलो नाही. म्हणालो, "आहे. तुम्हाला आधी दाखवणार नाही. ज्याचा आहे त्याला आधी."

"कृतघ्न आहेस," ते म्हणाले.

"असेन."

ते गेल्यावर मला वाटलं होतं की हलकं वाटेल. नाही वाटलं. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं होतं. आता त्याच्या हातात माझं काहीच नव्हतं. जे अवघड आहे ते बाकीच आहे. सरांनी आम्हाला अपमान वाढला हे खरं. पण माझ्या ताटातला उचलून मी तिच्या ताटात घातला, ते सरांनी सांगितलं नव्हतं. ते माझं. त्याला शतकानुशतकांचं कारण देणार नाही.

विमल आणि मी सोडून त्या वर्गातले आठ जण अजून कर्जत-खालापूरकडंच आहेत. तलाठीही आहे, रिटायर होऊन कर्जतलाच. येत्या शनिवारी शिक्षकांची बैठक आहे आणि विमल येणार आहे. मी त्या आठांना निरोप धाडलेत, यायला सांगितलंय, कारण सांगितलेलं नाही. माफी मागणार नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडंच काहीतरी मागणं. ती हसेल, ओरडेल, की पान घेऊन नुसती खाली बसेल, ते तिचं ती बघेल. नोकरीवर आलं तर येऊ दे.

मी विमलचं एक पान देणं लागतो. आणि ज्यांच्यासमोर ती लबाड ठरली त्यांच्यासमोर, उभं राहून, ते पान मी काढलं, हे माझ्या तोंडानं सांगणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.